तळाचा थर

झाकण निघत नव्हतं म्हणून तिनं डबा पोटाशी घट्ट धरला आणि उजव्या अंगठ्यानं कड वर रेटली. झाकण निघालं, पण अंगठ्याची किंमत वसूल करून. जखम खोल नव्हती; पेराच्या मांसल भागावर आडवी, पट्टी धरून आखावी तशी सरळ. रक्त यायला क्षणभर उशीर झाला, आणि तेवढ्या क्षणात तिनं डब्यात नजर टाकून घेतली.

डबा काठोकाठ भरलेला होता.

हात नळाखाली धरायला ती वळली, तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. हातात कापसाचा बोळा. कापूस आतल्या खोलीतल्या कपाटात असायचा आणि कपाट कुरकुरल्याशिवाय उघडायचं नाही. तिनं कुरकुर ऐकली नव्हती.

"लागलं ना?" सासूबाई म्हणाल्या.

"रात्रभर वीज नव्हती, अहो आई. आतलं खराब झालं असेल म्हणून बघत होते."

"त्या डब्यातलं खराब होत नाही."

"फ्रीझर आहे तो, अमृताचा घडा नाही."

"बरं बाई. कापूस दाबून धर, आणि झाकण लाव आधी. पोर उठेल."

तिनं झाकण लावलं, डबा खालच्या कप्प्यात सरकवला. पण जे पाहायचं ते पाहून झालं होतं. वरच्या थरात कटलेटं शेजारी शेजारी नीट लावलेली होती. प्रत्येकाच्या मधोमध अंगठा दाबून पाडलेली एक खळी होती आणि प्रत्येक खळीत एक बारीक, आडवी रेघ. आणि कुठल्याच कटलेटावर बर्फाचा भुगा नव्हता. जुन्या मालावर तो धरतोच. यांच्यावर नुकती आंघोळ केल्यासारखी तकाकी होती.

तिला कामावर सगळे तारीखवाली म्हणत. औषधांच्या गोदामात थंड खोलीचा कारभार तिच्याकडे होता: कुठलं खोकं आधी आलं, कुठलं आधी बाहेर जायला हवं, कुणाची मुदत भरत आली. जुना माल पुढे, नवा मागे, हा तिथला एकच धर्म. वय वाढल्यावर तिनं लग्न ठरवलं, तेही एका मुलीच्या बापाशी, तेव्हा गोदामातल्या हमालांच्या मुकादमानं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "बाई, नवऱ्याची मुदत तरी बघून घेतलीत का?" ती म्हणाली होती, "बघितली. सील तुटलेलं आहे, पण माल चांगला आहे." मुकादम महिनाभर हे वाक्य येईल त्याला सांगत होता.

माल खरंच चांगला होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अडकलेल्या लोकांना "घाबरू नका, आलोच" असं सांगून सांगून घरी येईपर्यंत त्याचे शब्द संपलेले असत. सासूबाई बोलायच्या, पण त्यांच्या बोटांची पेरं आखडली होती. वाटी धरायची झाली तरी दोन्ही हात लागायचे. आणि मुंगी. मुलीचं हे नाव आजीनं ठेवलेलं, कारण घरातली वस्तू या खोलीतून त्या खोलीत गेली की ती तिनंच नेलेली असायची: बटणं, पेन्सिलींची टोकं, अर्धं बिस्कीट. मुंगीची पहिली आई वर्षापूर्वी गेली होती. त्याहून थोडं जास्तच झालं होतं आता. घरात 'आई' हा शब्द आधीच दोघींत वाटून झाला होता. मुंगीची आई म्हणजे ती गेलेली, नवऱ्याची आई म्हणजे सासूबाई. तारीखवालीच्या वाट्याला 'ऐक ना' उरलं होतं. मुंगी तिला तेवढंच म्हणायची. ऐक ना, वेणी घाल. ऐक ना, पाणी. तारीखवालीनं कधी तक्रार केली नाही. पण रोज संध्याकाळी घरी येताना, आज तरी काही वेगळी हाक येते का, याकडे तिचा एक कान असायचा.

ती हाक कमवायची तर पोटातून जावं, असं तिचं साधं गणित. शाळेतून आल्यावर पोरगी पाकिटातलं खारट काहीबाही खायची. तारीखवालीनं ते बंद केलं आणि स्वतः गोठवायला लागली. सकाळी कामावर जायच्या आधी उकडलेला बटाटा, वाटाणा, गाजर कुस्करायचं. पाणी सुटलेलं पिळून काढायचं, नाहीतर आत बर्फाचे खडे होतात. ओट्स भरडून त्यात घोळवायचं. बरणीच्या झाकणानं एकसारखे गोल पाडायचे, ताटात सुटे मांडायचे आणि ताट तसंच फ्रीझरमध्ये. कडक झाल्यावरच डब्यात भरायचं. आधी भरलं तर सगळ्यांचा मिळून एक दगड होतो. दह्यात फेटलेल्या फळांच्या कांड्याही असायच्या. ताटातून डब्यात भरायचं काम मुंगीनं शाळेतून आल्यावर मागून घेतलं होतं. उचलून इकडचं तिकडे ठेवायचं काम, तिला दुसरं काय हवं. मग आजी त्यातली दोन तव्यावर थेंबभर तेलात परतून द्यायची. तारीखवाली घरी येईपर्यंत ताट धुऊन पालथं पडलेलं असे. म्हणजे कटलेटं तिनं केलेली, तारखेच्या चिठ्ठ्या तिनं चिकटवलेल्या, पण गोठलेलं कटलेट तिनं स्वतः क्वचितच पाहिलं असेल.

खालच्या कप्प्यातल्या स्टीलच्या डब्याला मात्र तिनं हात लावायचा नव्हता. हे तिला घरात आल्या आल्याच सांगितलं गेलं होतं, जिन्यातला कुठला दिवा बंद आहे ते सांगतात तसं. शेवटचं दवाखान्यात जायच्या आधी पहिल्या बायकोनं तो भरून ठेवला होता. ज्या दिवशी मुंगीचं काही बिनसेल त्या दिवशी आजी त्यातलं एक काढायची. बिनसण्याचे दिवस काही कमी नव्हते. तरी डबा काठोकाठ होता.

त्या सकाळी नवरा बुटाच्या नाड्या बांधत असताना तिनं विचारलं, "तो डबा भरतं कोण?"

"कुठला?"

"तुला माहितीये कुठला."

त्यानं बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली. "आई भरत असेल."

"त्यांना बटाटा सोलता येत नाही."

"मग मला वाटलं... तू."

"मला मनाई आहे."

"हं." तो उठला. "संपत नाही ना? मग राहू दे की. संपला तर बघू."

सासूबाईंना विचारलं तर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिचा हातच तसा होता. भरलं की सरायचं नाव नाही."

"अहो आई, वर्षाच्या वर झालं. तीन महिन्यांनी आम्ही औषधसुद्धा पुन्हा तपासतो. पोरीला काही झालं म्हणजे?"

"झालंय का काही?"

"नाही."

"मग? हिशोब गोदामात ठेवून येत जा गं. घरात पायाला टोचतो."

म्हणजे प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा कोणीतरी भरतो, आणि प्रत्येकानं विचारायचं टाळलं होतं. घरात असे प्रश्न असतात. विचारले तर उत्तर मिळण्याची भीती असते.

तारीखवालीला मात्र झोप लागेना. पोरीच्या पोटात काय जातंय, हे तिला कळायलाच हवं होतं. गोदामात माल आपोआप कमी झाला तर चोर शोधतात; आपोआप वाढला तर काय शोधायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं आपल्याच मालावर खूण करायची ठरवली. पुढच्या खेपेला प्रत्येक कटलेटाच्या पोटात तिनं चिमूटभर बीटचा कीस भरला. बीट मुंगीला चालत नसे, म्हणून पहिली कधीच घालत नव्हती. हे सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं. तिनं गोल पाडले, ताट आत सरकवलं आणि अंगठ्याला नवी पट्टी गुंडाळून कामावर गेली.

जखम भरत आली, पट्टी सुटली, अंगठ्यावर पांढरी रेघ उरली. मग एके दिवशी थंड खोलीची धुलाई निघाली म्हणून ती दुपारीच घरी आली. मुंगी टेबलाखाली बसली होती, दप्तर पाठीला तसंच.

"काय झालं?"

उत्तर आजीनं दिलं. "मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाऊन बसली म्हणे. वर म्हणाली, तुझ्या डब्याला वास येतो."

"येतो का?"

"गाजराचा येत असेल. गाजराला गाजराचाच येणार."

सासूबाईंनी खालचा कप्पा ओढला. डबा दोन्ही तळव्यांत धरून खाली बसल्या आणि टेबलाखाली पुढे केला. मुंगीनं झाकण उघडलं. तिच्या अंगठ्यावर बदकांच्या चित्रांची पट्टी होती.

"हे काय लागलं?" तारीखवालीनं विचारलं.

"लागलं," मुंगी म्हणाली.

तवा तापला. कटलेट दोन्ही बाजूंनी लाल झालं, फुगलं, खळी भरून गेली. मुंगीनं ते दोन हातांनी मोडलं. आत गुलाबी होतं.

तारीखवालीच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

मुंगीनं डोळे मिटून पहिला घास खाल्ला, सावकाश चावला, गिळला. "आईच्या हातचं," ती म्हणाली. आजीनं मान डोलावली. बीटचं कोणी काही बोललं नाही.

दोघी बाहेरच्या खोलीत गेल्यावर तारीखवालीनं फ्रीझर उघडला आणि वरच्या कप्प्यातला आपला डबा काढला. स्वतःच्या अक्षरातली तारीख, स्वतःची चिठ्ठी. झाकण उघडून तिनं आत पाहिलं. तिनं सपाट पाडलेल्या त्या गोलांवर, एकूणएकावर, खळी होती. खळीत रेघ.

तिनं अंगठा टेकवून पाहिला. बरोबर बसला.

ठीक आहे, तिनं स्वतःला समजावलं. आपणच दाबलं असेल. सकाळची घाई, लक्ष नसेल. अंगठ्यावर रेघ आहे, म्हणून खळीत रेघ. याला तर्क म्हणतात. तिनं डबा बंद केला. बोटं गार पडली होती. तिनं ती काखेत धरली.

सुट्टीच्या दिवशी तिनं मुद्दाम मुंगीला ओट्याजवळ स्टूल दिलं. बटाटा गार झाला होता. मुंगी वाटाणे निवडत होती, म्हणजे तीन टाकत होती आणि एक खात होती. सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत.

"मुंगे, एक विचारू? रागावणार नाही."

"रागावणार नाही म्हणतात तेव्हा रागावतात."

"बरं, थोडी रागावेन. त्या डब्यात माझी कटलेटं तू ठेवतेस ना?"

मुंगीनं आजीकडे पाहिलं. आजी डोळे मिटून होती. झोप लागल्याचं सोंग तिला फार चांगलं जमायचं.

"एक काढलं की एक ठेवते," मुंगी म्हणाली. "वर. खालची आईची आहेत. ती मी खात नाही. खाल्ली की संपतील."

"म्हणजे तू आत्तापर्यंत खाल्लीस ती..."

"तुझीच. आधी आजीनं दिली होती तेव्हा खाल्ली आईची. मग कमी व्हायला लागली. मग तू आलीस."

तारीखवालीनं लांब श्वास सोडला. म्हणजे पोरीच्या पोटात जुनं काही गेलं नव्हतं. इतक्या दिवसांची धास्ती उतरली, आणि तिला हसूच आलं. अख्ख्या गोदामाचा नियम या चिमुरडीनं उलटा केला होता. नवा माल पुढे, जुना कायमचा मागे.

"मग खाताना 'आईच्या हातचं' का म्हणतेस गं? तुला तर माहीत असतं."

मुंगीनं एक वाटाणा दोन बोटांत धरून दाबला. तो टुणकन उडाला.

"मग काय म्हणू?"

तारीखवालीनं खाली बघून बरणीचं झाकण उचललं, गोल पाडायला लागली. मग तिनं विचारलं, "पण आजीला कळत कसं नाही? बाबांना?"

"कसं कळणार? तुझ्या कटलेटांवर पण आईची खूण असते ना. ही बघ. आत्ता केलीस."

तिनं हाताखाली पाहिलं. झाकणानं पाडलेल्या गोलाच्या मधोमध तिचा उजवा अंगठा होता. तो तिनं उचलला. खळी. रेघ. त्याच्या आधीच्या गोलावरही. त्याच्याही आधीच्या.

"ही माझ्या जखमेची आहे," ती म्हणाली. "झाकणानं कापलं ना मला, त्या दिवशी."

"हो, पण आधीपण असायची."

"खळी असेल. रेघ नसेल."

"रेघपण." मुंगीनं शांतपणे दुसरा वाटाणा उचलला. "तू आलीस तेव्हापासून. पहिल्या ताटापासून. म्हणून तर ठेवली."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. तारीखवालीला ती सकाळ आठवली: अंगठा कापला होता, रक्त अजून यायचं होतं आणि ती डब्यात बघत होती. वरच्या थरावर रेघा होत्या. तो वरचा थर तिच्या हातचा होता. आणि जखम तर तेव्हा नुकतीच झाली होती.

तिनं हात पुसले, खालचा कप्पा ओढला, डबा ओट्यावर घेतला. झाकण या वेळी चमच्याच्या दांड्यानं उघडलं. एकेक थर काढून ताटात ठेवला, मधले कागद बाजूला केले. तळाच्या थरावर बर्फ होता, जाड, खरखरीत, जुन्या मालावर असतो तसा. एका कटलेटावरचा भुगा तिनं अंगठ्यानं हलके हलके घासला. बर्फ विरघळत गेला. खालून खळी वर आली, आणि तिचा अंगठा आपोआप त्यात जाऊन बसला, रेघेवर रेघ.

तिनं तो काढून घेतला तेव्हा कातडी किंचित चिकटली होती.

"तीही तिथेच कापून घ्यायची," खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच. "फुगू नये म्हणून अंगठा दाबायची. मी शिकवलं नव्हतं तिला."

"तुम्ही दाबायचात?"

सासूबाईंनी आखडलेला उजवा हात पुढे केला. बोटं उलगडत नव्हती, पण अंगठा बाहेरच होता. पेरावर आडवी पांढरी रेघ, सुरकुत्यांतही वेगळी दिसणारी.

"माझ्या लग्नात आलेला डबा आहे तो," त्या म्हणाल्या.

तारीखवालीनं मुंगीचा हात हातात घेतला. बदकांची पट्टी एका टोकानं सुटली होती. ती पूर्ण काढून बघायचं तिच्या जिवावर आलं. तिनं टोक दाबून पुन्हा चिकटवलं.

"नवा डबा आणू आपण."

"नको," मुंगी लगेच म्हणाली. "मग ती आईची राहणार नाहीत."

"बरं. मग हाच ठेवू." तिनं खणातून जाड चिकटपट्टी काढली, झाकणाच्या कडेला जिथं पत्रा उचललेला होता तिथं दुहेरी घडी घालून चिकटवली, नखानं दाबली. "आता नाही लागणार कोणाला."

"थंडीत टिकत नाही ती," सासूबाई म्हणाल्या. "मी लावली होती. तिनंही लावली होती."

तारीखवालीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तळाचा थर होता तसा लावला, वर कागद, वर आपले थर. झाकण बसवलं. मग सवयीनं पेन उघडलं आणि चिठ्ठीवर टेकवलं.

"काय लिहितेस?"

"तारीख."

"कुठली?"

कागदावर शाईचा एक ठिपका वाढत गेला. मग तिनं पेनाचं टोपण लावलं आणि ती चिठ्ठी कचऱ्यात टाकली. डबा खालच्या कप्प्यात गेला, कप्पा बंद झाला, आणि तिनं नवी कटलेटं ताटात मांडायला घेतली. मुंगी वाटाणे संपवून वाटी चाटत होती. सासूबाईंना आता खरीच झोप लागल्यासारखी वाटत होती.

ताट फ्रीझरमध्ये ठेवायला गेली तेव्हा तिला ओट्याच्या कडेला, कागदाखाली, एक कटलेट राहिलेलं दिसलं. भुगा अजून पूर्ण उतरला नव्हता. तळातलंच होतं.

"ऐक ना, ते आत ठेवायचंय!" मुंगीनं स्टुलावरून उडी मारली. तारीखवाली वळेपर्यंत तिनं कप्पा ओढून डबा मांडीवर घेतला होता. चिकटपट्टी कडेवरून सुटून, कडक होऊन, वाळक्या पानासारखी लोंबत होती. मुंगीनं बदकांची पट्टी लावलेला अंगठा झाकणाकडे नेला.

"थांब."

तारीखवाली जमिनीवर बसली. तिनं तो छोटा हात धरून अलगद बाजूला केला आणि त्या जागी, उचललेल्या पत्र्यावर, स्वतःचा अंगठा ठेवला.

सासूबाई कापूस आणायला उठल्या.